डोळे मिटा आणि सांगा

कापसात काम करणाऱ्या बाईच्या पदराला कापूस लागतोच, त्याला इलाज नाही. आमच्या कसरतीच्या खोलीतून मी घरी परतले की पदराला एखादा तंतू आणि डोक्यात एखादा किस्सा, दोन्ही चिकटलेले असत. तंतू दारातच झटकून टाकायचे. किस्सा मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत सांभाळायचे आणि वरणभातासोबत ह्यांना आणि मुलांना वाढायचे. असे इतके साठले आहेत की आता मुलंच मला मधे अडवून पुढचं सांगतात, आणि तेही चुकीचं. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

भिलाईचा कारखाना बांधला जात होता तेव्हाची ही गोष्ट. एका भट्टीतून लोखंड निघू लागलं होतं आणि बाकी सगळं अजून उभं राहत होतं. आमचे हे दुर्गला रेल्वेत होते. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे कारखान्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. ज्या खोलीत मला नेमलं तिच्या पाटीवर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं, पण पेशंट तिला कसरतीची खोली म्हणत आणि आम्हीही तेच म्हणू लागलो.

खोलीचे मालक म्हणजे डॉक्टर खानझोडे. नागपूरहून नुकतेच शिकून आलेले, चष्मा जाड, अंगाने किरकोळ आणि नसांचं भारी वेड. त्यांच्या एका खिशात कापूस आणि टाचण्या, दुसऱ्यात रबरी हातोडी. कोणीही आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "डोळे मिटा आणि सांगा."

मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. कातडीच्या आत नसांची बारीक बारीक टोकं असतात. काहींना नुसता स्पर्श कळतो, काहींना टोचलेलं कळतं. काही टोकं स्नायूंत आणि सांध्यांत बसलेली असतात. हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, याची खबर ती डोक्याला सारखी पाठवत राहतात. "म्हणून तर अंधारातसुद्धा घास तोंडात जातो, नाकात जात नाही," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं होतं तो सवयीने जातो. त्या दिवशी मी घरी डोळे मिटून जेवून पाहिलं. ह्यांनी विचारलं, "भाजी इतकी वाईट झाली का?"

* * *

पहिला किस्सा एका गवंड्याचा. बालाघाटकडचा म्हातारासा माणूस, स्वभावाने फार गरीब. त्याच्या हाताला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावलं आणि म्हणाले, "कापूस लागला की हो म्हणायचं."

डॉक्टरांनी मनगटाला कापूस लावला. "हो." कोपराला लावला. "हो." मग डॉक्टर चष्मा पुसायला थांबले. "हो," गवंडी म्हणाला.

"अहो, मी आता लावलाच नाही."

"तुमी लावनारच हा ना जी," तो डोळे मिटूनच म्हणाला. "तुमाले कावून घडी घडी तरास द्या?"

त्यानंतर डॉक्टरांनी नियम बदलला. लागला तर हो म्हणा, नाही लागला तर नाही म्हणा. पुढचा पेशंट एक तरणाबांड फिटर होता. उजव्या पायाला काहीच कळत नाही, आराम लिहून द्या, असं त्याचं म्हणणं. त्याने डोळे मिटले. डॉक्टरांनी उजव्या पायाला कापूस लावला, फिटर म्हणाला, "नाही." जरा थांबून पुन्हा लावला, "नाही." मधे डॉक्टर चांगले दोन घोट चहा प्यायले, तोपर्यंत फिटर गप्प. पुन्हा कापूस टेकला, तोच, "नाही."

डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. ज्या पायाला काहीच कळत नाही, त्याला नाही केव्हा म्हणायचं हे मात्र बरोबर कळतं."

फिटर बूट घालून सरळ कामावर गेला.

* * *

डॉक्टरांकडे चिमट्यासारखा एक लोखंडी काटा होता. तो टेबलावर आपटला की थरथरायचा. थरथरतानाच त्याचं बूड घोट्याच्या हाडावर टेकवायचं आणि विचारायचं, झिणझिण कळते का? काही नसा फक्त थरथर ओळखण्यासाठीच असतात म्हणे. झिणझिण थांबली की पेशंटने सांगायचं.

एक दिवस कोणाचीच झिणझिण थांबेना. डॉक्टरांनी काटा टेकवला, "कळते?" "कळते जी." काटा हाताने धरून बंद केला, "आता?" "आता बी कळते." काटा खिशात ठेवला, तरी कळतच होती. सकाळपासून सगळ्यांचं हेच. डॉक्टर खूश झाले. त्यांना वाटलं, लोखंडाच्या कामाने माणसाच्या नसा तेज होतात, यावर काहीतरी लिहिलं पाहिजे.

दुपारी मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. पाण्यात सारख्या गोल गोल लाटा उठत होत्या. त्या दिवशी दवाखान्याच्या मागे जमिनीत लोखंडी खांब ठोकण्याचं काम निघालं होतं. भिंती, टेबल, पलंग, सगळंच थरथरत होतं.

पलंगावरचा पेशंट वेल्डर होता. तो समजुतीने म्हणाला, "साहेब, तुमचा काटा थांबला असंल. प्लांट कुठं थांबला?"

तेव्हापासून काट्याची तपासणी जेवणाच्या भोंग्यानंतर होऊ लागली.

* * *

रशियन साहेब लोकही क्वचित यायचे. एक धिप्पाड इंजिनिअर कंबर दुखते म्हणून आले. सोबत दुभाष्या होता, दिल्लीकडचा, फार काटेकोर. साहेब जे बोलतील ते सगळं सांगायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, असा त्याचा बाणा.

डॉक्टरांनी किल्लीच्या टोकाने साहेबांच्या तळपायावर रेघ ओढली. साहेबांना गुदगुल्या झाल्या. ते इतके हसले की पलंगाचा खिळा निघाला. डॉक्टर घाबरून दुभाष्याला म्हणाले, "काय झालं? काय म्हणतात?"

दुभाष्या गंभीरपणे म्हणाला, "साहब हँस रहे हैं।"

गंमत पुढेच आहे. आठवड्याने साहेब पुन्हा आले, जरा खट्टू होऊन. दुभाष्याने सांगितलं की साहेबांनी घरी आपल्या किल्लीने आपल्याच तळपायावर तशीच रेघ ओढून पाहिली, पण हसू आलं नाही. तरी तुमची किल्ली कोणत्या कंपनीची आहे ते सांगावं.

डॉक्टरांनी समजावलं. आपला हात कुठे जाणार हे आपल्या डोक्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत. दुसऱ्याचाच हात लागतो.

दुभाष्याने सांगितलं. साहेबांनी विचार केला, उठले, आणि दुभाष्याच्या हातात किल्ली दिली.

* * *

आता दौलत लांजेवार. खरं तर मला त्याचंच सांगायचं आहे.

एका सकाळी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली. मागे भिंतीला हात लावत लावत एक उंचपुरा माणूस. बाई त्याच्याकडे हात करून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यायचं तोंड हुंगा."

डॉक्टर म्हणाले, "काय?"

"तोंड हुंगा जी यायचं. सकाळी नळावर तोंड धुवाले उभे रायले का पडतेत. सदरा डोक्यातून काढाले गेले का पडतेत. बाकी दिवसभर बरे असतेत. हे मोहाची पिऊन राहिले का नाही, थे मले लिहून द्या."

ही कौसल्या. दोघं लाखांदूरकडची, शेतकरी घरची. दौलत कारखान्यात खलाशी होता. म्हणजे पाण्यावरचा नव्हे. अवजड लोखंड दोरखंडाने बांधायचं, क्रेनला लावायचं आणि उंचावर चढून जागेवर बसवायचं, हे काम करणाऱ्यांना तिथे खलाशीच म्हणतात.

आमचे डॉक्टर इतके सरळ की त्यांनी खरंच तोंडाचा वास घेतला. "वास तर येत नाही."

"थेच तं म्हणते मी," कौसल्या म्हणाली. "बिनवासाची हाय."

डॉक्टरांनी दौलतला पाय जुळवून उभं केलं. उभा राहिला, खांबासारखा. मग म्हणाले, "आता डोळे मिटा." दौलतने डोळे मिटले आणि तांदळाचं पोतं कलंडावं तसा तो सरळ डॉक्टरांवर कलंडला. डॉक्टर खाली, दौलत वर, चष्मा पलंगाखाली. मी धावले. खालून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी आनंदाचा, "बाई, हा पीत नाही!"

मग त्यांनी दोघांना बसवून सांगितलं. पायातल्या नसांकडून डोक्याला जी खबर जायची ती वाटेत, मणक्यात, अडली आहे. पाय कुठे आहेत हे दौलतला डोळ्यांनी बघूनच कळतं. डोळे मिटले की पाय हरवले. अन्नातलं एक जीवनसत्त्व त्याच्या रक्तात मुरत नव्हतं, त्यामुळे हे झालं होतं. त्या जीवनसत्त्वाच्या लाल रंगाच्या सुया असतात, त्या बरेच महिने घ्याव्या लागणार होत्या. पुष्कळ सुधारेल, पण सगळं सुधारेलच असं नाही.

कौसल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे हे पेत नव्हते. आन मी महिनाभर यायच्यासंग बोलली नाही."

दौलत म्हणाला, "थे तसंच चालू राहू दे. त्याचा मले काही तरास नव्हता."

* * *

उंचावरचं काम दौलतला आता कायमचं बंद झालं. त्याचा फोरमन भला माणूस होता. दोरखंड आणि साखळ्या ठेवायच्या स्टोअरमध्ये त्याने दौलतसाठी जागा राखून ठेवली. काम जमिनीवरचं, सावलीतलं. पण त्यासाठी दवाखान्याच्या प्रमुखांकडून, म्हणजे मोठ्या डॉक्टरांकडून, फिट लिहून आणायचं होतं, आणि मोठ्या डॉक्टरांचा नियम पक्का होता. ज्याला डोळे मिटून उभं राहता येत नाही, त्याने कारखान्याच्या फाटकात पाय टाकायचा नाही. कारण धूळ आणि वाफ कधी डोळ्यांसमोर येईल याचा नेम नसतो.

नाहीतर सेक्टरमधलं, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतलं, घर सोडून परत गावी. तिथे मोठ्या भावाच्या हाताखाली शेती.

कौसल्याचं मत तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "बाई, सेक्टरमधी माझ्या घरात नळ हाय. माझा एकटीचा. पाणी भराले कोनाच्या मागं उभं राहा लागत नाही. तो नळ सोडून मी जेठानीच्या मागं घागर घेऊन विहिरीवर जाऊ? यायले उभं करा जी. कसं बी करा."

* * *

नसा सुधारतात की नाही हे बघायला डॉक्टर दर आठवड्याला एक तपासणी करत. पेशंटने डोळे मिटायचे. डॉक्टर त्याच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून अलगद वर किंवा खाली करणार. वर की खाली, ते त्याने सांगायचं. आपल्याला ही काय मोठी गोष्ट, असं वाटतं, पण दौलतचे जवळजवळ सगळे अंदाज चुकायचे.

एका आठवड्यात मात्र एकही चुकला नाही. दौलत वर-खाली न म्हणता आपल्या कामावरचे शब्द वापरत होता. खलाशी उचलायला हाबीस म्हणतात आणि खाली सोडायला आरिया. डॉक्टरांनी अंगठा वर केला, "हाबीस." खाली केला, "आरिया." पुन्हा खाली, "आरिया." डॉक्टरांचा चेहरा फुलला. सुया लागू पडल्या म्हणून त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं.

मी दारापर्यंत गेले तेव्हा बाहेर शिट्टी वाजत होती. कारखान्यात शिट्ट्या काय, दिवसभर वाजतात. पण ही अगदी खिडकीखाली होती. एकदा वाजली की आत "हाबीस", दोनदा वाजली की आत "आरिया".

डॉक्टरही बहिरे नव्हते. त्यांनी अंगठा नुसता धरून ठेवला. वर नाही, खाली नाही. बाहेर शिट्टीही वाजेना. दौलतच्या कपाळावर घाम आला. बाहेर खिडकीखालच्या माणसाचाही गोंधळ झाला असावा. थोड्या वेळाने एक लांबलचक शिट्टी वाजली.

दौलत मोठ्या विश्वासाने म्हणाला, "माल थांबवला जी."

डॉक्टर खिडकीशी गेले. खाली टाचा उंचावून आत डोकावत दौलतचा जोडीदार रामाधीन उभा होता. क्रेनला खालून इशारे देण्याचं त्याचं काम. तोंडात शिट्टी होतीच. त्याने डॉक्टरांना सलाम ठोकला आणि विचारलं, "साहब, और नीचे लूँ क्या?"

* * *

मग चालण्याची कसरत सुरू झाली. जमिनीवर पावलं काढायची आणि पेशंटने डोळ्यांनी बघत बघत एकेक पाऊल बरोबर त्यावर टाकायचं. असं रोज केलं की पायांना वळण लागतं. डॉक्टर मला म्हणाले, "उद्यापर्यंत दारापासून खोलीभर पावलं काढून ठेवा."

पावलं काढा म्हटल्यावर बाईमाणूस कोणती पावलं काढणार? मी तांदूळ भिजत घातले, वाटले, मूठ वळून तिची कड ओल्या पिठात बुडवून ठसे उमटवले आणि बोटाच्या टोकाने पाच पाच ठिपके दिले. दारातून आत येणारी सुंदर जोडपावलं झाली. आमच्याकडे महालक्ष्म्यांना काढतो तशीच. काढून झाल्यावर नुसती बरी दिसेनात, म्हणून हळदकुंकूही वाहिलं.

सकाळी डॉक्टर आले तर पेशंट भिंतीला चिकटून रांगेत उभे. सगळ्यांच्या चपला आणि बूट बाहेर. खोलीत बंगाली होते, तेलुगू होते, छत्तीसगढी होते, आम्ही होतो. एकमेकांचं बोलणं धड कळत नव्हतं, पण ही पावलं सगळ्यांना कळली होती. कोणीतरी पहिल्या पावलावर जास्वंद ठेवली होती.

"दौलत, चल. टाक पाय," डॉक्टर म्हणाले.

"लक्ष्मीवर?" दौलत म्हणाला. "साहेब, आधीच पाय गेले. आता हात बी घालवता का?"

डॉक्टरांनी ती पुसायला सांगितली. झाडणारी बाई म्हणाली, आलेली लक्ष्मी मी पुसणार नाही, दुसरं कोणी बघा. दुसरं कोणी मिळेना. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी तर काढणारी, मी कशी पुसणार? शेवटी खोलीच्या दुसऱ्या बाजूला डांबरात बूट बुडवून ठसे काढले. बुटांच्या ठशांबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. फक्त बूट डॉक्टरांचे होते आणि डॉक्टरांचं पाऊल लहान. सहा फुटी दौलत त्यावरून चालू लागला की नवी नवरी माप ओलांडून आत येते आहे असं वाटायचं.

* * *

दौलतला एकट्याने रस्त्यावर चालू द्यायचं नाही, हात धरा, असं डॉक्टरांनी कौसल्याला बजावलं होतं. कौसल्याने सरळ नकार दिला. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायचा? सेक्टरमध्ये गावाकडची किती माणसं, कोणी जेठ लागतं, कोणी मामेसासरा.

दुसऱ्या दिवशी दोघं आली ती एका दुपट्ट्याची दोन टोकं धरून. पुढे ती, मागे तो. हाताला हात लागत नव्हता आणि दौलत पडतही नव्हता. कौसल्या स्वतःच्या युक्तीवर खूश होती. पण बाजारातून जाताना रामाधीनने दुरून पाहिलं आणि भर रस्त्यात ओरडला, "भौजी, फेरे कितने हो गए?"

त्यानंतर काही दिवस ती मागच्या गल्लीने येऊ लागली. दुपट्टा मात्र सोडला नाही.

* * *

सुयांनी बराच फरक पडला. दौलत सरळ चालू लागला, सदरा काढताना पडेनासा झाला. पण पाय जुळवून डोळे मिटले की थोड्याच वेळात कलंडायचा. मोठ्या डॉक्टरांकडची तारीख जवळ आली.

एका दुपारी दौलत खिडकीजवळ उभा राहून सराव करत होता. डोळे मिटलेले, आणि पडत नव्हता. डॉक्टरांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. दौलतच्या बोटाचं टोक खिडकीच्या पडद्याला लागलेलं होतं. पडदा पातळ, जुना, धुऊन धुऊन विरलेला. डॉक्टरांनी दौलतला दोन हात अलीकडे घेतलं, कलंडला. परत पडद्याजवळ नेलं, उभा राहिला.

मी विचारलं, "पडदा कसा धरून ठेवील एवढ्या माणसाला?"

"धरत नाहीच तो," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "याला आधार नको आहे, खबर पाहिजे. पायाकडून येत नाही पुरेशी, पण बोटाचा स्पर्श शाबूत आहे. शरीर जरा कललं की बोट पडद्यावर जरासं सरकतं आणि डोक्याला कळतं. मग डोकं सावरून घेतं."

कौसल्या पदराआडून ऐकत होती. "मंग सदऱ्यालेच पडदा शिवून देऊ का?"

डॉक्टरांनी त्यावरही विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, स्टोअरमध्ये चारी बाजूंनी साखळ्या टांगलेल्या असतात, तिथे हात लावायला काही ना काही असेलच. मोठ्या डॉक्टरांना पडदा दाखवून हे पटवून देतो.

* * *

पण मोठ्या डॉक्टरांनी आमच्या खोलीत यायला नकार दिला. पेशंटला माझ्या खोलीत आणा, म्हणाले. त्यांच्या खोलीत पडदा नव्हता. खिडकीला जाळी होती, मधे मोठं टेबल होतं, आणि टेबलामागे ते. केस पांढरे, बोलणं मोजकं, तेही हिंदीत. हसलेले कोणी पाहिले नव्हते.

आम्ही चौघं आत गेलो. दौलत खोलीच्या मधोमध, आसपास हात पोचेल असं काही नाही. डॉक्टर खानझोडे नसा, बोट, पडदा, सगळं सांगू लागले. मोठ्या डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. कौसल्याला त्यांनी कपाटाजवळ उभं राहायला सांगितलं. ती पदर सावरून तिथे उभी राहिली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

"पैर जोड़ो. हाथ सामने. आँखें बंद।"

दौलतने डोळे मिटले. ते घड्याळाकडे बघू लागले.

दौलत उभा होता. मग तो जरासा डावीकडे गेला, सावरला. उजवीकडे गेला, सावरला. धानाच्या लोंबीसारखा डुलत होता. मग पुढे कलला, आणि या वेळी सावरेल असं वाटेना. माझ्या हातातला कौसल्याचा हात सुटला. ती कधी पुढे गेली ते मला कळलंच नाही. दिसलं एवढंच की दौलतच्या पुढे केलेल्या बोटाला तिच्या पदराचं टोक लागलं आणि दौलत थांबला. डुलणं बंद. खांबासारखा उभा.

मोठ्या डॉक्टरांनी घड्याळावरून नजर उचलली. "यह औरत बीच में क्यों खड़ी है?"

कौसल्याला मागे जाता येईना, कारण पदर दौलतच्या बोटाशी होता.

दौलत डोळे न उघडता म्हणाला, "कौन औरत, साहब? मैं समझा परदा है।"

डॉक्टर खानझोडे पुढे झाले. "सर, ती त्याला धरून नाही. तुम्हीच बघा. नुसतं टोक लागलं आहे. स्टोअरमध्ये साखळी लागेल."

मोठे डॉक्टर उठले. टेबलाला वळसा घालून आले, वाकले आणि ते बोट आणि तो पदर जवळून बघत राहिले. बराच वेळ बघितलं. पदराला ताण नव्हता, नुसता लागलेला होता. दौलत हलत नव्हता. मग ते परत खुर्चीवर जाऊन बसले, कागद समोर ओढला आणि म्हणाले, "ठीक है। आँखें खोलो।"

दौलतने डोळे उघडले नाहीत. "सही हो गई, साहब?"

मोठे डॉक्टर अजून कागद वाचतच होते. तेव्हा कौसल्या, मोठ्या डॉक्टरांवरची नजर न काढता, नवऱ्याला हळूच म्हणाली, "उघडू नका जी. पेन खिशातच हाय अजून."